आधी हात, मग स्कोअर

"आधी हात," एवढंच म्हणून ते थांबायचे. पुढचं वाक्य तोंडात तयार असायचं, पण समोरच्याचे दोन्ही हात रिकामे आणि वर दिसल्याखेरीज ते बाहेर पडत नसे. मग समोर कंपनीचे मॅनेजर असोत, नाहीतर कढईत पुऱ्या सोडणारी त्यांची स्वतःची बायको असो.

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते १९६९ साली, पिंपरीच्या एका कारखान्यात टेलिफोन ऑपरेटर म्हणून लागले त्या आठवड्यात. ते तिथे टाइमकीपर होते. सगळे त्यांना भाऊ म्हणत, म्हणून मीही म्हणू लागले. माझा टेलिफोनचा बोर्ड आणि त्यांचं टाइम ऑफिस यांच्यामध्ये लाकडी फळ्यांची भिंत होती आणि तिला एक लहानशी खिडकी. खिडकीतून त्यांच्या टेबलावरचा ट्रान्झिस्टर, भिंतीवरचं मोठं घड्याळ आणि घड्याळाखालचं भोंग्याचं लाल बटण, एवढं मला बसल्या जागी दिसायचं.

त्या दिवशी कुठलीशी कसोटी चालू होती. मला क्रिकेटमधलं ओ की ठो कळत नव्हतं. भाऊंनी ट्रान्झिस्टरला लावलेला कान काढला, एका चिठ्ठीवर काहीतरी लिहिलं आणि ते प्रेस शॉपकडे निघाले. मला एक कागद तिकडेच पोचवायचा होता, म्हणून मीही मागोमाग गेले.

प्रेस शॉप तुम्ही आतून पाहिलंय की नाही कोण जाणे, म्हणून सांगते. पत्र्याचा तुकडा हाताने डायमध्ये, म्हणजे खालच्या लोखंडी साच्यात, ठेवायचा, हात बाहेर काढायचा, पायाने पेडल दाबायचं. वरून काही टनांचं वजन धाडकन खाली येतं आणि पत्र्याला आकार मिळतो. की पुढचा तुकडा. आठ तास हेच. आवाज असा, की शेजारच्या माणसाचे नुसते ओठ हलताना दिसतात. त्या शॉपच्या दारात जमिनीवर पिवळी पट्टी ओढलेली होती, कामाशिवाय तिच्या आत कुणी जायचं नाही असा नियम होता. भाऊ त्या पट्टीवर जाऊन उभे राहिले आणि त्यांनी उजवा हात वर केला. पहिल्या मशीनवाल्याने मोटर बंद केली, पेडलवरून पाय काढला आणि दोन्ही हात वर केले. मग दुसऱ्याने, मग तिसऱ्याने. दोन मिनिटांत ते सगळं शॉप दरोडा पडल्यासारखं हात वर करून उभं राहिलं. भाऊंनी सगळ्या हातांवरून एकदा नजर फिरवली आणि पोस्टमन पत्त्यातलं नाव वाचतो तशा आवाजात सांगितलं, "चौघं आउट."

हात खाली आले, मोटरी चालू झाल्या, भाऊ परत फिरले. मी हातातला कागद तसाच धरून उभी होते. तो द्यायचा कुणाला हेसुद्धा विसरले. संध्याकाळी घरी जाऊन नवऱ्याला सांगितलं, की ही कंपनी वेड्यांची आहे, मी दुसरीकडे बघते. त्यानंतर एकोणीस वर्षं मी त्याच बोर्डावर बसले.

भाऊ दिसायला अगदी साधे. पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशाला दोन पेनं. निळं वेळेवर येणाऱ्यांसाठी, लाल उशिरा येणाऱ्यांसाठी. रोज सकाळी सातच्या बातम्यांआधी रेडिओवर जी टिकटिक व्हायची, तिच्यावर ते मनगटातलं घड्याळ लावायचे, आणि मनगटावरून भिंतीवरचं. त्यांचा भोंगा पार कासारवाडीपर्यंत ऐकू जायचा. तिथल्या बायका त्यावर पोरांना शाळेत पाठवायच्या, आमच्या गल्लीतले पेन्शनर त्यावर औषधं घ्यायचे. वीस वर्षांत भोंगा कधी मिनिटभरही इकडचा तिकडे झाला नाही, ही त्यांच्या आयुष्यातली एकच बढाई होती. ती ते स्वतः मारत नसत, दुसऱ्याने मारली तर मात्र मान खाली घालून नीट ऐकून घेत.

सुरुवातीला मला वाटलं, हा माणूस स्वतःला फार महत्त्वाचा समजतो. स्कोअर सांगायला एवढा सोहळा कशाला? एकदा पुण्याहून आलेला नवा इंजिनियर तसं बोललाही. म्हणाला, माइकवरून सांगा ना, दोन मिनिटं प्रॉडक्शन कशाला बुडवता. भाऊ म्हणाले, साहेब, नाही सांगितलं तर हे लोक एकेक करून लघवीच्या निमित्ताने माझ्या खिडकीशी येतात, त्यात जास्त बुडतं. आणि माइकवरून सांगितलं तर? असं साहेबाने पुन्हा विचारलं. थोरले मॅनेजर तिथेच होते. त्यांनी इंजिनियरला खांद्याला धरून बाहेर नेलं आणि तो विषय परत निघाला नाही. मॅनेजरनी त्याला काय सांगितलं ते मला बरंच उशिरा समजलं.

१९७१ च्या गणेश चतुर्थीला आम्ही दोघं नवरा-बायको दापोडीला भाऊंच्या घरी गणपतीला गेलो होतो. त्या दिवशी तिकडे विलायतेत आपली कसोटी शेवटच्या टप्प्यावर होती. इंग्रजांच्या भूमीवर आपण कधी जिंकलोच नव्हतो. माझा नवरा गणपतीला नमस्कार करत होता, पण जीव सगळा भाऊंच्या ट्रान्झिस्टरमध्ये. आरतीची वेळ झाली, गल्लीतली माणसं जमली, भाऊ ट्रान्झिस्टर बंद करून आतून आले आणि टाळ घेऊन उभे राहिले. चेहऱ्यावर काही नाही. आम्ही समजलो मॅच अजून चालू आहे. एकामागून एक पाच आरत्या झाल्या. मंत्रपुष्पांजली झाली. आरतीचं तबक खाली ठेवलं गेलं, शेजारच्या वहिनींनी हातातला पेटता कापूर विझवला, तेव्हा भाऊ म्हणाले, "आपण जिंकलो. विलायतेत."

माझ्या नवऱ्याने आयुष्यात पहिल्यांदा आणि शेवटचं देवासमोर शिवी दिली. पाच आरत्या? हा माणूस पाच आरत्या ही बातमी पोटात ठेवून टाळ वाजवत होता? गल्लीतले लोक एकीकडे नाचत होते आणि दुसरीकडे भाऊंना बोल लावत होते. भाऊ शांतपणे म्हणाले, की बायकांच्या हातात निरांजनं होती. आम्ही हसून हसून बेजार झालो. परत येताना नवरा म्हणाला, हा माणूस भित्रा आहे. मलाही तसंच वाटलं, हे कबूल करते.

त्यांची आणखी एक सवय होती. दुपारच्या सुटीत ते कॅन्टीनमध्ये रोज एकाच माणसाशेजारी बसायचे. त्या माणसाचं नाव बबन. मावळातल्या एका खेड्यातला, स्टोअरमध्ये डाय उचलण्या-ठेवण्याचं काम करायचा. त्याच्या डाव्या हाताला अंगठा आणि करंगळी एवढंच होतं. मधली तिन्ही बोटं नव्हती. कारखान्यात अशी माणसं असतात, मी फारसं मनावर घेतलं नाही. भाऊ आधी बबनचा डबा स्वतःकडे ओढायचे, कडी काढायचे, तिन्ही पुडं वेगळी करून त्याच्यासमोर मांडायचे, आणि मग आपला डबा उघडायचे. बबन दोन मणाचा डाय साखळीने उचलणारा माणूस, त्याला काय डबा उघडता येत नव्हता? पण तो मुकाट्याने बसून राहायचा. मी येता-जाता त्यावरून चेष्टा करायचे. एकदा म्हटलं, भाऊ, घास पण भरवा की. दोघांनीही माझ्याकडे पाहिलं नाही.

मग आली १९७५ सालच्या हॉकीच्या वर्ल्ड कपची फायनल. मार्चातला शनिवार होता. आमच्या पट्ट्यात सुटी गुरुवारची, त्यामुळे कारखाना माणसांनी भरलेला. तोवर भाऊंच्या संगतीने मलाही खेळातलं थोडंफार समजू लागलं होतं. निदान कुणाच्या बाजूने घाबरायचं एवढं तरी. समोर पाकिस्तान. पहिल्या अर्ध्यात आपण एका गोलने मागे. दुसऱ्या अर्ध्यात बरोबरी झाली. मग आपल्या पोराने मारलेला बॉल खांबाला लागून बाहेर आला, पंचांनी गोल दिला, समोरचे हुज्जत घालत राहिले. मी खिडकीतून भाऊंकडे पाहत होते. माझ्या बोर्डावर चार दिवे लागले होते, मी एकही फोन घेतला नाही. शेवटची शिट्टी झाली तशी भाऊंनी चिठ्ठी लिहिली.

मी त्यांच्या मागे धावत गेले. ते पट्टीवर उभे राहिले, हात वर केला. मशीनं एकेक करून थांबली, फक्त कोपऱ्यातला एक म्हातारा ऑपरेटर थांबेना. त्याच्या लॉटचे थोडे जॉब, म्हणजे तुकडे, उरले होते, ते संपवूनच तो मान वर करणार होता. बाकीचे त्याच्यावर खेकसत होते. वर्ल्ड कप तोंडात धरून भाऊ तिथे उभे राहिले, म्हाताऱ्याचा शेवटचा जॉब बाहेर पडेपर्यंत. मग म्हाताऱ्याचे हात वर गेले. "दोन-एक. आपण," भाऊ म्हणाले, आणि मी कानांवर हात ठेवले, एवढा गलका झाला. लोक एकमेकांना उचलत होते. भाऊ मागे वळले आणि टाइम ऑफिसात येऊन पाणी प्यायले.

मला रागच आला. विचारलं, तुम्हाला आनंद नाही झाला? झाला ना, म्हणाले. मग ओरडा की एकदा मोकळेपणाने, मी म्हटलं. त्यांनी पेला पालथा ठेवला.

"ओरडून झालंय माझं, ताई."

ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. सोमवारी काही निमित्त काढून स्टोअरमध्ये गेले आणि बबनला विचारलं. तो डायला तेल लावत होता. आधी म्हणाला, जाऊ द्या. मग चिंधी बाजूला ठेवून त्याने सांगायला सुरुवात केली.

१९६४ साली तो त्या शॉपमध्ये प्रेसवर होता. बावीस वर्षांचा. त्या सकाळी टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये हॉकीची फायनल होती. आधीच्या खेपेला आपलं सोनं पाकिस्तानने नेलं होतं, ते परत आणायचं होतं. सगळं शॉप हाताने काम करत होतं आणि कान टाइम ऑफिसकडे. शेवटी भाऊ धावत आले. तेव्हा पिवळी पट्टी नव्हती. थेट मशीनांमध्ये शिरले आणि दोन्ही हात वर करून जिवाच्या आकांताने ओरडले, की जिंकलो.

"मी मागं वळून बघितलं, बाई," बबन म्हणाला. "हात आत व्हता. पाय पेडलवर व्हता. समदे नाचत व्हते. मला बी पयलं कळलं न्हाई. मी बी हसतच व्हतो."

मी तिथल्या एका खोक्यावर बसले. सगळ्या देशाने पेढे वाटले त्या दिवसाबद्दल मी शाळेत असताना ऐकलं होतं. माझ्या वडिलांनीही पेढे आणले होते. त्या पेढ्यांच्या वेळी इथे हे झालं होतं, आणि मी या माणसाला भित्रा समजले होते. मी विचारलं, तुम्हाला त्यांचा राग नाही येत? बबन म्हणाला, त्यांनी काय मुद्दाम केलं का. आणि डब्याचं काय, मी विचारलं. तो जरासा हसला.

"मला उघडता येतो की. पर त्यांना उघडू द्यावा लागतो."

त्यानंतर सात वर्षं मी भाऊंना पिवळ्या पट्टीकडे जाताना पाहिलं आणि प्रत्येक वेळी त्यांच्या पाठीकडे पाहत राहिले. आपल्याला ते कळलंय हे मी त्यांना कधी सांगितलं नाही. बहुतेक त्यांना ठाऊक होतं, कारण डब्यावरून मी चेष्टा करायची थांबले होते.

आता ज्या दिवसासाठी मी हे सगळं लिहायला बसले, तो. १९८२ सालचा डिसेंबर, दिल्लीतली एशियाडची हॉकी फायनल. पुन्हा पाकिस्तान. त्या स्पर्धेत आपण तोवर समोर येईल त्याला धुऊन काढलं होतं, त्यामुळे हरण्याची गोष्ट कुणाच्या मनातही नव्हती. साहेब लोकांच्या गेस्ट हाउसमधला रंगीत टीव्ही त्या दिवसापुरता कॅन्टीनमध्ये आणला होता. फर्स्ट शिफ्ट सुटली ती घरी न जाता सगळी कॅन्टीनमध्ये शिरली. टेबलांवर, खिडक्यांत, दारात माणसं. सेकंड शिफ्टवाले बिचारे मशीनवर. भाऊंची ड्यूटी संपली होती, पण ते थांबले होते, कारण सेकंड शिफ्टला स्कोअर दुसरं कोण सांगणार. निवृत्तीला चार महिने उरले होते.

पहिला गोल आपला झाला. छप्पर उडेल असं वाटलं. मग त्यांचा झाला. मग आणखी एक, आणि आणखी एक. मध्यंतराला तीन-एक होते. भाऊ उठून पट्टीवर गेले, हात वर झाले, त्यांनी सांगितलं. लोकांनी हात खाली घेतले आणि कामाला लागले. भाऊ परत फिरणार तोच मागे खणकन असा आवाज झाला, की ते जागच्या जागी बसले. एका ऑपरेटरने पत्रा डायमध्ये तिरका ठेवला होता. डायला चीर गेली. त्या माणसाला काही झालं नव्हतं, पण तो आपल्याच हातांकडे पाहत उभा होता.

पुढचं मी बोर्डावर बसून ऐकलं, कारण मला कॅन्टीनमध्ये बसवेना. चौथा, पाचवा, सहावा. प्रत्येक गोलला कॅन्टीनमधला आवाज कमी होत गेला. सातव्याला काहीच आवाज आला नाही. एवढी माणसं एका जागी असून एवढी शांतता मी तोपर्यंत फक्त स्मशानात पाहिली होती. एक-सात. माझ्या बोर्डावर बाहेरून फोन येत होते, लोक विचारत होते हे खरं आहे का.

भाऊ टाइम ऑफिसात आले. चिठ्ठी हातात होती. बसले, परत उठले. खिडकीतून माझ्याकडे पाहून म्हणाले, "ताई, अठरा वर्षं माझं चुकलं. ऐकताना हात बाहेर असून काय उपयोग? ऐकून झाल्यावर परत आतच घालायचेत ना."

बाहेर खुर्च्या सरकल्याचे आवाज आले. कॅन्टीन उठत होतं. आता शे-दोनशे माणसं प्रेस शॉपवरून गेटकडे जाणार, आणि जाताना कुणीतरी दारातून आत ओरडणार, हे मलाही दिसलं. भाऊंनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. साडेसातच्या जेवणाच्या सुटीला अजून दोन तासांहून जास्त वेळ होता. त्यांनी लाल बटणावर अंगठा ठेवला. मी म्हटलं, भाऊ, नको. त्यांनी बटण दाबलं आणि धरून ठेवलं.

भोंगा झाला की मोटरी बंद करायच्या, हे आमच्या माणसांच्या हाडात मुरलेलं होतं. घड्याळ कोण पाहतो? प्रेस शॉप थांबलं, असेंब्ली थांबली, रंगकाम थांबलं, सगळा कारखाना थांबला. आमच्या शेजारणीने साडेसात झाले समजून भाकऱ्या टाकायला घेतल्या. भाऊ पट्टी ओलांडून शॉपच्या मध्यापर्यंत गेले. चौसष्टनंतर पहिल्यांदा. त्यांनी सगळ्यांना खाली बसवलं आणि मग सांगितलं. त्यानंतर म्हणाले, की अर्धा तास कुणी मशीनला हात लावायचा नाही, चहा येतोय. एकजण गुडघ्यांत डोकं घालून रडायला लागला. चांगला मिशीवाला बाप्या. भाऊ त्याच्याशेजारी जमिनीवर बसून राहिले.

दुसऱ्या दिवशी गुरुवारची सुटी, आणि शुक्रवारी सकाळी मेमो. मॅच हरली म्हणून एका टाइमकीपरने आख्खा कारखाना बंद पाडला, असा त्याचा मतलब. तोवर थोरले मॅनेजर बदलून गेले होते, नव्यांना जुनं काही ठाऊक नव्हतं. भाऊंनी खुलाशात एकच ओळ लिहिली, की मशीनमध्ये हात होते. साहेब भडकले. हे काय उत्तर झालं, म्हणून त्यांनी भाऊंना केबिनमध्ये बोलावलं. नोकरी जायचीच वेळ होती, चार महिने आधी.

तेवढ्यात बबन कुणालाही न विचारता केबिनमध्ये शिरला. हे मला शिपायाने सांगितलं. साहेबांच्या टेबलावर काच होती, त्या काचेवर बबनने आपला डावा हात पालथा ठेवला आणि तसाच उभा राहिला. साहेबांनी त्या हाताकडे पाहिलं, भाऊंकडे पाहिलं. म्हणाले, जा दोघं. भाऊंच्या फायलीत लेखी ताकीद लागली. एवढ्या वर्षांत लाल पेनाने लिहिलेली तेवढी एकच गोष्ट त्यांच्या नावावर.

मार्चअखेर ते निवृत्त झाले. कंपनीने निरोपाला काय द्यावं? टेबलावरचं घड्याळ. भाऊंनी ते कानाशी धरलं, मनगटाशी ताडून पाहिलं आणि सगळ्यांसमोर म्हणाले, दोन मिनिटं मागे आहे. निरोप समारंभात एवढं हसताना मी माणसं पाहिली नाहीत. मग ते मुलाकडे तळेगावला राहायला गेले. बबन दर गुरुवारी लोकलने त्यांना भेटायला जायचा. डबा घेऊन जातो, असं म्हणायचा.

त्या जूनमध्ये विलायतेत क्रिकेटचा वर्ल्ड कप चालू झाला. पहिल्याच मॅचला आपण दोन वेळच्या जगज्जेत्यांना हरवलं, आणि कारखान्यात कुणाचा त्यावर विश्वास बसेना. नव्या टाइमकीपरला खेळात रस नव्हता. प्रेस शॉपवाले सारखे माझ्या बोर्डाला फोन करून विचारायचे, बाई, काय कळलं का. मी म्हणायचे, मशीन बंद करून या, मग सांगते.

एका सकाळी अकराच्या सुमारास तळेगावहून फोन आला. भाऊंचा मुलगा होता, वाण्याच्या दुकानातून बोलत होता. बाबा सकाळी गेले, म्हणाला. सात वाजता, बातम्यांच्या टिकटिकीवर ते टेबलावरचं घड्याळ लावत होते, तसेच मागे टेकले.

काय बोलले मला आठवत नाही. फोन ठेवला. पहिला विचार आला, बबनला सांगायला हवं. स्टोअरची लाइन जोडायला मी कॉर्ड उचललीसुद्धा. आणि हात थांबला. बबन या वेळी कुठे असतो ते मला ठाऊक होतं. प्रेस शॉपमध्ये, साखळीला दोन मणाचा डाय लटकलेला. स्टोअरमधला कुणीतरी फोन घेणार आणि शॉपच्या दारातूनच त्याला ओरडून सांगणार.

मी बोर्ड तसाच सोडून टाइम ऑफिसात गेले. नव्या टाइमकीपरला म्हटलं, भोंगा द्या. तो म्हणाला, साहेबांची सही लागते. मी म्हटलं, माझ्या नावावर लिहा, लाल पेनाने लिहा. आणि बटण मीच दाबलं. ते एवढं कडक असेल असं कधी वाटलं नव्हतं, दोन्ही अंगठे लावावे लागले.

प्रेस शॉपपर्यंत पोचले तेव्हा मोटरी थांबल्या होत्या, मशीनांची चाकं तेवढी हळूहळू फिरत होती. मी पिवळ्या पट्टीवर उभी राहिले. काय करावं ते सुचेना, म्हणून उजवा हात वर केला. माणसांनी मला पाहिलं आणि त्यांचे चेहरे खुलले. पहिल्या मशीनवाल्याने हात वर केले, दुसऱ्याने, तिसऱ्याने. हसत होते सगळे. कुणीतरी म्हणालं, "बोला बाई, कोण जिंकलं?"

बबन शॉपच्या टोकाला होता. तो हसत नव्हता. त्याने साखळी सोडत सोडत डाय लाकडी ठोकळ्यांवर नीट टेकवला, साखळी मोकळी केली, पँटला हात पुसले आणि मग दोन्ही हात वर केले. डावा अंगठा आणि डावी करंगळी मला एवढ्या लांबूनही दिसत होती.

"भाऊ गेले," मी म्हटलं.

बबनने तिथूनच विचारलं, किती वाजता. मी सांगितलं, सातला, बातम्या लागताना. त्याने मान हलवली.

"टायमावर गेले म्हणायचं."

मला वाटलं, आता सगळे हात खाली घेतील. पण बबनने घेतले नाहीत, आणि त्याच्याकडे पाहून दुसऱ्या कुणीही घेतले नाहीत.